भानारकर भाऊंचं अर्धं वाक्य

भानारकर भाऊ माणसांशी बोलायचे ते रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर ऐकू जायचं, आणि कॉम्प्युटरशी बोलायचे ते मात्र कुजबुजत. नाक काचेला टेकेल इतकं पुढे, चष्मा कपाळावर, डावा पंजा तोंडाशी आडवा धरलेला आणि ओठ हलताहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस स्क्रीनसमोर जप करतोय. जवळ जाऊन कान दिला तर, "तलाव... तिरपी रेघ... बोरटोला... तिरपी रेघ... एक," असं चाललेलं.

"भाऊ, कुणाशी बोलताय?"

"प्रॉम्टिंग करून राह्यलो, मॅडम. मोठ्यानं बोललं तं पब्लिकले ऐकू जाते."

ऑफिसातली पब्लिक म्हणजे मी, एक टेबलफॅन आणि खालच्या गोदामातून वर येणारा तांदळाच्या कोंड्याचा वास.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, पाच-सहा वर्षं उलटल्यानंतरची. मी भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली मुलगी, नागपुरात कॉम्प्युटर शिकले आणि जुन्या तलावांचं काम करणाऱ्या एका संस्थेनं मला वडशाला पाठवलं. कॉलनीतल्या माणसाला रस्ते सरळ आणि वेळा भोंग्याच्या लागतात. वडशात दोन्ही नव्हतं, त्यामुळे पहिले दोन महिने मी सगळ्यांवर चिडलेली असायची. भाऊंवर जरा जास्तच, कारण ते समोर बसायचे.

भाऊ मूळचे ढिवराच्या घरचे. जाळं टाकणं लहानपणीच आलं, पण जीव रमला नाटकात. वडशात दिवाळीपासून होळीपर्यंत नाटक मंडळ्यांचा हंगाम असतो, त्यात ते तीस वर्षं प्रॉम्प्टर होते. हंगाम संपला की तलावांच्या नोंदी ठेवायला आमच्याकडे. मी आले आणि त्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं, तेव्हा संस्थेच्या साहेबांनी भाऊंनाच माझ्या हवाली केलं. की मला त्यांच्या, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

काम साधं होतं. प्रत्येक तलावाला इंटरनेटवर त्याचा स्वतःचा एक पत्ता. त्या पत्त्यावर 'वाचा' असा निरोप धाडला की नागपुरातला आमचा सर्व्हर तलावाचे गुणधर्म परत धाडणार: नाव, गाव, पसारा, पाणी अडवणारी मातीची पाळ कशी आहे, जादा पाणी जायची सलंग कशी आहे, मासेमारी कोणाकडे आहे. 'बदला' असा निरोप धाडला की ते बदलणार. आणि वर्षातून एकदा ठरलेल्या वेळी जिल्ह्याच्या कचेरीतला कॉम्प्युटर माणसाचा हात न लागता सगळी यादी आपली आपण वाचून नेणार. छान रंगीत पडदे वगैरे पुढे करू, असं मी साहेबांना सांगितलं होतं. तोवर मी माझ्या चाचणीसाठी केलेलं एक ओबडधोबड पान होतं. वर पत्त्याची चौकट, खाली मजकुराची चौकट आणि दोन बटणं, 'वाचा' आणि 'बदला'. ते 'पुढे' काही आलं नाही, आणि भाऊंनी त्या ओबडधोबड पानावरच संसार मांडला.

काम झालं की सर्व्हर दोनशे हा आकडा परत पाठवतो, वस्तू सापडली नाही तर चारशे चार, आणि सर्व्हरचंच काही बिनसलं तर पाचशे. हे जगभर ठरलेलं आहे. भाऊंनी ते आठवड्याभरात वडशाचं करून टाकलं. जेवण कसं झालं विचारलं तर "दोनशे". चहावाला जागेवर नसला तर जिन्यावरूनच ओरडायचे, "मॅडम, चारशे चार." एकदा त्यांच्या बायकोची तब्येत विचारली.

"सकाळी पाचशे होती," ते म्हणाले. "मी भांडी घासून देल्ली, आता दोनशे हाय."

त्यांची एक वही होती. लांबट, लाल कापडी पाठीची, नाटकाची संहिता लिहितात तसली. त्यांना नोंदी लिहायची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे नाटकाची. डाव्या समासात तलावाचं नाव, पात्राचं लिहितात तसं, आणि उजवीकडे त्याची माहिती, तलाव स्वतःच बोलतोय अशी. "चिंचटोला : माझी पाळ बरी आहे. माझी सलंग दगडाची आहे. माझे मासे गावची सोसायटी धरते." मी हसून लोटपोट झाले. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं आणि कुणाला खटकलेलं नाही.

पण त्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. माहिती बदलली की जुन्या शब्दावर एकच आडवी रेघ, जुना शब्द वाचता येईल अशी, आणि शेजारी नवा. मी विचारलं, इतकं जपून खोडायचं कशाला?

"नाटकवाले आज वाक्य काढते आन् तिसऱ्या दिवशी वापस मांगते, मॅडम. काळं करून ठेवलं तं आणाचं कुठून?"

मला ते तेव्हा फार हुशारीचं वाटलं नाही. कॉम्प्युटर असताना वह्या जपणाऱ्या लोकांची मला दया यायची, आणि ती मी चेहऱ्यावर दाखवायचीही.

त्यांची दुसरी खोड अशी, की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते काही बदलायचे नाहीत. पावसाळ्यात चिंचटोल्याच्या सरपंचांचा फोन आला, तलावाची पाळ फुटली म्हणून. माझ्या पानावर पाळीसाठी दोनच शब्द चालायचे, 'बरी' आणि 'फुटलेली'. मी म्हटलं, भाऊ, बदला.

"पाह्यली कोणं?"

"सरपंचांचा फोन होता ना."

"फोन तं सरपंचानं केला. पाळ कोणं पाह्यली?"

मी कपाळाला हात लावला. भाऊंनी सायकल एस्टीच्या टपावर चढवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आले ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, आणि पायऱ्या चढतानाच बोलायला सुरुवात.

"फुटली नाई. खचली. मॅडम, तुमच्या चौकटीत दोनच पाळा हायेत. आमच्याकडे पाळ आधी खचते, मंग पाझरते, मंग कुठी फुटते. बिमार माणसाले सीधं मेला लिहाचं का?"

"सर्व्हरला दोनच कळतात, भाऊ."

"मंग त्याले शिकवा. नटाले शिकवतो आपण, हा तं मशीन हाय."

दोन दिवस भांडले मी त्यांच्याशी. मग कुरकुरत 'खचलेली', 'पाझरणारी' आणि 'दुरुस्त' असे तीन पर्याय वाढवले. महिनाअखेरीस साहेब आले, त्यांनी ते पाहिलं आणि बैठकीत माझं कौतुक केलं, की मुलीनं किती बारकाईनं विचार केलाय. भाऊ कोपऱ्यात बसून चहा पीत होते. मी मान खाली घालून कौतुक घेतलं. भाऊंनी बशीतला चहा संपवला आणि मला हळूच म्हणाले, "दोनशे."

दिवाळीच्या तोंडावर ते मला तालमीला घेऊन गेले. "तुमी तुमचं मशीन दाखवलं, आमचं पाहा," असं म्हणून. नाटक मंडळीच्या घरामागच्या अंगणात भर दुपारी तालीम चालली होती. नायकाचं काम करणारा प्रभाकर, एरवी मोटारी दुरुस्त करणारा, बनियनवर उभा राहून आईला उद्देशून भाषण करत होता. आई समोर शेंगा सोलत बसली होती. भाऊ एका ठेंगण्या स्टुलावर, मांडीवर संहिता, ओळीवर बोट आणि डावा पंजा तोंडाशी. कॉम्प्युटरसमोरची ती पोज कुठून आली ते मला तेव्हा कळलं.

प्रभाकर अडला. भाऊंनी ओठ न हलवल्यासारखे दोन शब्द सोडले, "आई, मी". बस्स. पुढचं चार ओळींचं वाक्य प्रभाकरनं गडगडत पुरं केलं. पुन्हा अडला, पुन्हा दोनच शब्द.

मी चहाच्या वेळी विचारलं, "पूर्ण वाक्य का नाही सांगत?"

"सुरवातीच्या तालमीत पूरंच देतो. मंग कमी करत जातो. पाठांतर झालं का दोन शब्दात भागते. पूरं देलं तं नट आळशी होते. बाकीचं त्याच्या पोटात असतेच."

"आणि पोटात नसलं तर?"

"मंग थो नट नाई." मग स्वतःलाच सांगितल्यासारखं, "तीस वर्षांत एकबी माणूस स्टेजवर उभा नाई सोडला म्या."

हे ते कुणालाही सांगत. पानठेल्यावर, एस्टीत, आमच्या साहेबांना. त्यांच्याकडे घर होतं, धानाचा तुकडा होता, दोन लग्न झालेल्या मुली होत्या, पण मिरवायला हे एवढं वाक्य होतं.

आता मे महिना. वडशाचा उन्हाळा काय असतो ते सांगून कळत नाही. टेबल हाताला चटके द्यायचं. त्या महिन्यात चौदा तलावांच्या पाळी दुरुस्त झाल्या होत्या, आणि भाऊ सगळ्या चौदा पाळी पायाखाली घालून आले होते. जूनच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी अकराला जिल्ह्याचा कॉम्प्युटर यादी वाचून नेणार होता. त्याआधी चौदा ठिकाणी 'खचलेली' काढून 'दुरुस्त' घालायचं, एवढंच काम.

एरवी भाऊ आधी 'वाचा' दाबायचे, सगळा मजकूर चौकटीत आला की त्यातला एक शब्द बदलायचे आणि 'बदला' दाबायचे. त्यामुळे सगळा मजकूर परत जायचा आणि सगळं ठीक राहायचं. पण त्या आठवड्यात टेलिफोनची लाइन अशी रडत होती, की एकेक तलाव वाचून यायला दहा-दहा मिनिटं लागत. भाऊंनी विचार केला. सर्व्हर दहा महिने हेच तलाव ऐकतोय. त्याचं पाठांतर झालं असणार. आता दोन शब्दांत भागायला हवं. म्हणून त्यांनी मजकुराच्या चौकटीत फक्त 'पाळ : दुरुस्त' एवढंच लिहिलं आणि 'बदला' दाबलं. सर्व्हर म्हणाला, दोनशे. चौदा वेळा दोनशे.

आणि माझा सर्व्हर असा होता, की 'बदला' म्हणून जेवढं येईल तेवढंच खरं धरायचं. जे आलं नाही, ते नाहीच असं समजून पुसून टाकायचं. हे मी केलेलं होतं. भाऊंना मी हे कधी सांगितलं नव्हतं, कारण ते कधी अर्धंच पाठवतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अर्धं आलं तर सर्व्हरनं 'नको' म्हणावं, अशीही सोय मी ठेवली नव्हती. आणि साऱ्या मजकुराची एक प्रत वेगळी काढून ठेवायची असते, ती 'उद्या काढू' करत मी काढलेलीच नव्हती.

गुरुवारी सकाळी बोरटोल्याच्या पार्वताबाई आल्या. गावच्या मच्छीमार सोसायटीच्या त्या अध्यक्ष. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, कमी बोलणाऱ्या, सोबत आणखी दोघी बाया. बोरटोल्याच्या तलावातल्या मासेमारीची मुदत त्या वर्षी संपत होती. यादीत 'मासेमारी कोणाकडे' यापुढे ज्याचं नाव असेल त्याला नव्या मुदतीसाठी आधी विचारायचं, आणि नाव नसेल तर तलाव मोकळा धरून बाहेरच्यालाही द्यायचा, असा कचेरीचा नियम. बाहेरचा एक ठेकेदार दोनदा येऊन तलाव बघून गेला होता. बोरटोल्याची तीस-पस्तीस घरं त्या पाण्यावर जगत होती. त्यामुळे यादी जायच्या आधी आपलं नाव एकदा कानानं ऐकून जावं, म्हणून त्या एस्टीनं आल्या होत्या.

भाऊ खूश झाले. खुर्ची पुसून दिली, माठातलं पाणी दिलं. मग चष्मा कपाळावर, पंजा तोंडाशी, पत्ता कुजबुजले आणि 'वाचा' दाबलं. लाइन रडत रडत उत्तर घेऊन आली. भाऊ आता पब्लिकसाठी मोठ्या आवाजात वाचू लागले.

"नाव..." म्हणाले आणि थांबले. "गाव..." पुन्हा थांबले. बोट काचेवरून खाली सरकलं. "मासेमारी कोणाकडे..." मग बोट पुन्हा वर नेऊन, हळू, "पाळ. दुरुस्त."

पार्वताबाईंनी विचारलं, "मंग आमी कुठी गेलो, भाऊ?"

भाऊंनी दुसरा तलाव वाचला, तिसरा वाचला. चौदाच्या चौदा तसेच. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. स्टेजच्या मधोमध माणूस उभा आहे, वाक्य संपलंय आणि आपल्या हातात संहिता नाही, असा तो चेहरा होता. मला सगळं समजलं होतं. काय झालं, का झालं आणि कुणामुळे झालं, ते तीन सेकंदांत समजलं होतं. मी घाईघाईनं म्हटलं, "बाई, मशीनची चूक झालीय. होईल नीट."

"मशीन नाई," भाऊ म्हणाले. "मी चुकलो. अर्धंच वाक्य देल्लं मी त्याले."

आणि मी गप्प बसले.

वही उघडली, तेवढ्यात बारा वाजता वीज गेली, ती रोजच्यासारखी रात्री उशिरापर्यंत येणार नव्हती. ती सबंध दुपार आम्ही घामाच्या धारांत वही तपासली. पार्वताबाई जागच्या हलल्या नाहीत. भाऊ पान उलटायचे, तलावाचं बोलणं वाचायचे, रेघ मारलेले शब्द सोडून शेजारचे घ्यायचे. ज्या वहीला मी हसले होते, तिच्यात सगळं होतं. पाळीचं, सलंगीचं, पसाऱ्याचं, कुणाची मुदत कुणाकडे आहे त्याचं. "बोरटोला : माझे मासे गावची मच्छीमार सोसायटी धरते, अध्यक्ष पार्वताबाई." त्यात आधीच्या अध्यक्षाचं नावसुद्धा एका रेघेखाली स्वच्छ वाचता येत होतं.

शुक्रवारी सकाळी सातला आम्ही बसलो. भाऊ सांगणार, मी टंकणार. मी तलावाचं नाव लिहून पुढचं मला ठाऊक आहे अशा थाटात हात चालवायला लागले, तर भाऊंनी माझं मनगट धरलं.

"नाई मॅडम. पूरं. मी बोलीन तेवढंच लिवा, आन् मी बोलतो थे सगळं लिवा."

त्या दिवशी त्यांनी एकही वाक्य अर्धं सोडलं नाही. 'गाव' म्हटलं की गाव, तालुका, जिल्हा. मी एकदा चिडून म्हटलं, जिल्हा सगळ्यांचा एकच आहे हो. ते म्हणाले, त्याले माहीत हाय का? मी जिल्हा लिहिला. लाइन दोनदा तुटली. प्रत्येक तलाव धाडून झाला की भाऊ दोनशेवर विश्वास न ठेवता पुन्हा 'वाचा' दाबायला लावायचे आणि आलेला मजकूर वहीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचे. मी म्हटलं, बोरटोला तरी आधी घेऊ. पार्वताबाईच म्हणाल्या, "त्याईच्या वहीत जसा येते तसा येऊ द्या. मधातून उचललं तं एखादा राह्यते." बोरटोला तेरावा होता.

अकराला वीस मिनिटं होती तेव्हा भाऊंनी बोरटोला वाचून दाखवला. नाव, गाव, पसारा, पाळ, सलंग. "मासेमारी कोणाकडे : बोरटोला मच्छीमार सोसायटी." पार्वताबाईंनी मान हलवली, पिशवीतून सुकवलेल्या झिंग्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "एकडाव अजून वाचा." भाऊंनी अजून एकदा वाचलं. चौदावा तलाव गेला. अकराला जिल्ह्याचा कॉम्प्युटर आला, यादी वाचून गेला, आणि त्याला काहीसुद्धा कळलं नाही. बोरटोल्याचा तलाव बोरटोल्याकडेच राहिला.

दुपारी साहेबांचा फोन आला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. म्हणाले, "त्या माणसाला 'बदला'च्या बटणाला हात लावू देऊ नका. वाचायचं काम द्या फक्त." समोर भाऊ झिंग्यांची पुडी दोन भागांत वाटत होते, एक माझ्यासाठी. मी फोनमध्ये म्हणाले, "हो सर."

सांगायची वेळच आली नाही. भाऊ स्वतःच 'बदला'ला हात लावेनासे झाले. पाळ बघून यायचे, माझ्यापाशी येऊन पूर्ण वाक्य सांगायचे आणि बाजूला उभे राहायचे. 'दोनशे' म्हणणंही बंद झालं. जेवण कसं झालं विचारलं तर "झालं" म्हणायचे. पुढच्या आठवड्यात मी सर्व्हरमध्ये दुरुस्ती केली, अर्धं पाठवलं तरी बाकीचं जसंच्या तसं राहील अशी. एका सकाळचं काम. प्रत काढून ठेवायची सोयही केली. दोन्ही गोष्टी मी कुणाला सांगितल्या नाहीत. सांगितलं असतं तर, आधी का नव्हतं, असं कुणीतरी विचारलं असतं.

दिवाळीला ते नाटकात गेले आणि होळीनंतर परत आलेच नाहीत. जायच्या दिवशी लाल पाठीची वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "शेवटचं पान पाहून घेजा." मी पाहिलं. तिथे त्या जूनच्या शुक्रवारची नोंद होती. चौदा तलावांची नावं, आणि खाली एक ओळ, "चूक : ल. भानारकर." मी वही खणात ठेवून दिली. खण उघडायची वेळ आली की दुसरा खण उघडायची.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी चंद्रपूरला बदली ठरली. निघायच्या आधी एका दुपारी नाटक मंडळीच्या अंगणात गेले. तालीम चालली होती. प्रभाकर आता वडिलांचं काम करत होता, आणि त्याच्या जागी एक नवा तरुण नायक. भाऊ त्याच ठेंगण्या स्टुलावर, जरा वाकलेले. तरुण अडला आणि भाऊंनी वाक्य दिलं. सगळं. चार ओळींचं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. तरुण वैतागून म्हणाला, "भाऊ, दोन शब्द द्या ना, बाकी येते मले." प्रभाकर हसला. "राहू दे बावा, थे आता पूरंच देते. काऊन थे माहीत नाई, पण देते."

मला माहीत होतं. मी स्टुलाजवळ जाऊन खाली बसले.

"भाऊ, त्या जूनमध्ये चूक तुमची नव्हती. सर्व्हर मीच तसा केला होता. अर्धं आलं तर बाकीचं पुसायचा, आणि तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. पार्वताबाईंसमोर मी बोलायला हवं होतं. साहेबांनाही."

भाऊंनी ओळीवरचं बोट काढलं नाही.

"माहीत हाय मले."

"कसं?"

"थ्या नंतर एकडाव चोरून बटण दाबलं होतं म्या. अर्धंच पाठवलं. वाचून पाह्यलं तं पूरं वापस आलं. मशीन आपल्या मनानं शिकत नाई, मॅडम, एवढं मले समजते."

"मग बोलला का नाहीत?"

"वाक्य तुमचं होतं. प्रॉम्टर स्टेजवर जाऊन नटाचं वाक्य नाई बोलत."

"दोन शब्द तरी द्यायचे होते, भाऊ."

"देल्ले ना. वही कायले देल्ली मंग?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी पाहावं तसं.

"आता बदला थे," म्हणाले. "एकच रेघ मारजा. माझं नाव दिसाले पायजे खाली. आन् बदलल्यावर एकडाव वाचून पाहा."

तिकडे तरुण पुन्हा अडला होता. भाऊंचा डावा पंजा तोंडाशी गेला आणि ते अख्खं वाक्य हळूहळू, काही न गाळता, देऊ लागले. मी निघाले तेव्हा ते दुसऱ्या ओळीवर होते.

ऑफिसात येऊन मी खण उघडला. त्यांच्या नावावर एक आडवी रेघ मारली, शेजारी माझं नाव लिहिलं. मग खोलीत कुणी नव्हतं तरी तोंडाशी हात धरून ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.